चांद्याचं मीठ

इजिप्तला मी गेलेली नाही. हे आधीच सांगितलेलं बरं, कारण सांगलीच्या आमच्या शाळेत मला सगळे पिरॅमिडबाई म्हणायचे आणि पोरांचा ठाम समज होता की बाई दर मे महिन्यात नाईल नदीत डुंबून येतात. मीही तो समज कधी खोडून काढला नाही. निवृत्तीनंतर हौसेनं पासपोर्ट काढला, तर गुडघ्यांनी संप पुकारला. पासपोर्ट आता कपाटात साड्यांच्या घडीखाली आहे, आणि मी गेले कुठं, तर यवतमाळ जिल्ह्यात.

"यवतमाळला? तिथं काय बघायचं?" शेजारच्या वहिनींनी विचारलं.

"बघायला नाही, दाखवायला निघालेय," असं मी ठसक्यात म्हणाले. हे वाक्य तेव्हा मला फार आवडलं होतं. आता आठवलं की कानाच्या पाळ्या गरम होतात.

बोलावणं भाचीचं होतं. मंजिरी, माझ्या धाकट्या बहिणीची मुलगी, पुसदजवळच्या एका तांड्यावर जिल्हा परिषदेच्या शाळेत सहावीला शिकवते. "मावशी, पुस्तकातल्या पानावर पोरं जांभया देतात. तू तुझी ट्रंक घेऊन ये, वेडी होतील," ती फोनवर म्हणाली. ट्रंक म्हणजे माझा दुसरा संसार. लाकडी ठोकळ्यांचा पिरॅमिड, गाठी मारलेली दोरी, सावली मोजायची काठी, चित्रलिपीचे पत्ते, आणि एक मोठी काचेची बरणी. बरणीचं काम माझ्या तासात नेहमी शेवटी येतं. या प्रवासातही ते शेवटीच आलं.

पुसद

पुसदला पोचले तेव्हा पोळा होऊन आठवडा उलटला होता, पण बैलांच्या शिंगांवरचा रंग अजून ओला वाटावा असा होता. आमच्याकडे बेंदूर आषाढातच उरकतो आणि इथला पोळा येईपर्यंत आमच्या बैलांची शिंगं पुन्हा मळकी झालेली असतात. इथं बाजाराच्या रस्त्यावर एक बैलगाडी समोरून आली, तिचा एक बैल निळ्या शिंगांचा आणि दुसरा केशरी. मालकाच्या दोन मुलांचं रंगावरून भांडण झालं असणार.

सकाळी मंजिरीनं पोहे केले आणि त्यावर डावभर झणझणीत तर्री ओतली. सांगलीत कुणी पोह्यांवर रस्सा ओतला तर त्याच्या डोक्यावर परिणाम झाला म्हणतील. मी नाक पुसत दोन बशा संपवल्या. तेवढ्यात सलीमभाई आले. ते मंजिरीचे शेजारी, गाड्या दुरुस्तीचं दुकान चालवतात, आणि त्यांची जुनी जीप माझ्या दिमतीला असणार होती. त्यांनी ट्रंक उचलून पाहिली आणि खाली ठेवली.

"मॅडम, यात फुटनारं काही हाय का?"

"एक बरणी आहे."

"मंग ते मांडीवर घ्या. आमचा रस्ता असा हाय का अंडे घेऊन निंगालं तं पोचेपर्यंत आमलेट होते."

बेत असा ठरला की आधी तांड्यावरची शाळा, मग उत्तरेला बोरी अरब आणि नेर इथल्या दोन शाळा, जिथं मंजिरीच्या मैत्रिणी शिकवतात, आणि परतताना पुन्हा तांडा. बरणी मधल्या दिवसांत तांड्यावर राहायची होती.

तांडा

तांडा म्हणजे बंजारा वस्ती. या लोकांचे पूर्वज बैलांच्या पाठीवर धान्य नि मीठ लादून देशभर हिंडायचे. आता त्यांची शेतं आहेत, पक्की घरं आहेत, छपरांवर डिशच्या तबकड्या आहेत. पोरं घरी गोरबोली बोलतात, शाळेच्या आवारात वऱ्हाडी, आणि पुस्तकातली मराठी ही त्यांची तिसरी भाषा. त्यात मी माझा सांगलीचा हेल घेऊन गेले. पहिली दहा मिनिटं ती माझ्या तोंडाकडे नुसती बघत होती.

मग मी पिरॅमिड काढला आणि गाडं रुळावर आलं. एवढे दगड नेले कसे, हे दाखवायला मी एका फळीवर विटा रचून शाळेच्या आवारातल्या वाळूवरून ओढायला लावते. कोरड्या वाळूत फळी रुतते. वाळूवर बेताचं पाणी मारलं की सरसर निघते. हा माझा हुकमी एक्का. पण तांड्यावरच्या पोरांनी त्याच्यावर कडी केली. पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी विदर्भात मुलांचा तान्हा पोळा असतो, त्यासाठी घरोघर चाकांवरचे लाकडी बैल असतात. दोघं-तिघं धावत जाऊन ते घेऊन आले आणि फळीला जुंपले. सगळ्यांनी "हर्र, हर्र" केलं आणि फळी बैलांसकट उलटली.

"मॅडम, त्या लोकाईनं मानसं काहून लावले? बैल नव्हते का त्याईच्या इथं?" एकानं विचारलं.

आता खरं तर "होते, बैलही लावायचे" एवढं सांगून मी पुढं जायला हवं होतं. पण प्रश्न विचारणारं पोर दिसलं की मला दुसरं काही दिसत नाही. मी बैलांवर घसरले. म्हटलं, इजिप्तमध्ये एक बैल तर देवच होता. काळाभोर, आणि कपाळावर पांढरा ठिपका. असा बैल कुठं जन्मला की पुजारी त्याला शोधून मंदिरात नेत, त्याला गोडधोड खाऊ घालत, त्याची मिरवणूक काढत.

"आन् तो मेला तं?"

हे विचारणारी मुलगी खिडकीपाशी बसली होती. तोवर ती एकदाही बोलली नव्हती. फळी ओढायला सुद्धा उठली नव्हती. नाव रोशनी राठोड.

"मेला की त्याला राजासारखाच मान," मी म्हणाले. "मिठात ठेवायचे. खारट मातीसारखं मीठ असायचं त्यांच्याकडे. चाळीस दिवस. मग कापडात गुंडाळून दगडाच्या पेटीत. अजूनही सापडतात त्यांच्या पेट्या."

"मीठ किती लागते?"

"अंग झाकेल एवढं."

"मंग तो तसाच राह्यते?"

"तसाच," मी म्हणाले. मी किती आत्मविश्वासानं म्हणाले ते मला स्पष्ट आठवतं, कारण लगेच मी ते सिद्ध करायला बरणी वेळेआधीच पुढं ओढली. एक टोमॅटो चिरून आतला गर काढला, बरणीत मीठ आणि खायचा सोडा घातला, त्यात तो पुरला, वर पुन्हा मीठ. झाकण लावून कागदाच्या चिठ्ठीवर ठळक अक्षरात लिहिलं, "पुढच्या सोमवारी उघडायची." त्यात इतका वेळ गेला की तासाच्या टिपणातले शेवटचे दोन मुद्दे गाळावे लागले. चित्रलिपीत नाव लिहिण्याचा खेळ मात्र घाईघाईनं उरकला. सगळ्यांनी पाटीवर आपापलं नाव चित्रांत काढलं. रोशनीनं पत्ते जुळवून जे काढलं ते वाचताना मी अडखळले.

"हे तुझं नाव नाही."

"चांद्या," ती म्हणाली आणि पाटी छातीशी धरून घरी पळाली.

चांद्या कोण ते संध्याकाळी कळलं. रोशनीच्या वडिलांनी, बळीरामभाऊंनी, आम्हाला जेवायला बोलावलं होतं. उजेड असताना रोशनी मला हाताला धरून घरामागच्या शेतात घेऊन गेली. कपाशी कमरेइतकी झाली होती. बांधावर पळसाच्या झाडाखाली मातीचा लांबट उंचवटा होता, आणि त्यावर दुपारची पाटी रोवलेली. पोळ्याच्या आधी चार दिवस त्यांचा बैल आजारानं गेला होता. काळा, आणि कपाळावर पांढरा चंद्र.

"बाबानं दोन पोते मीठ टाकलं," तिनं मला सांगितलं. तिचा चेहरा इतका उजळला होता की दुपारची ती मुलगी हीच का, असं वाटलं. "पूरा झाकला. मंग चांद्या तसाच राहीन ना, मॅडम?"

मी काय बोलले? मी म्हणाले, "चल, याडी वाट बघत असेल." आईला याडी म्हणतात हे मी नुकतंच शिकले होते आणि ते वापरायची हौस होती. ते तरी किती योग्य वेळी वापरलं बघा.

जेवायला ज्वारीची भाकर, वांग्याचं भरीत आणि जवसाची चटणी. चटणी पाहून मला पुन्हा शिकवायची उबळ आली. इजिप्तचे राजे ज्या तलम कापडात गुंडाळले ते या जवसाच्याच झाडाच्या धाग्याचं, असं मी सांगितलं. कापसाच्या मुलखातली माणसं ती. "कापूस नव्हता?" म्हणत रोशनीच्या आईनं मनापासून हळहळ व्यक्त केली. रोशनी हसली आणि दुसरी भाकरी मागून घेतली. तिच्या आईनं बळीरामभाऊंकडे बघितलं. मला तेव्हा त्याचा अर्थ कळला नाही.

जीपपर्यंत सोडायला बळीरामभाऊ एकटे आले.

"मॅडम, राग नका येऊ देऊ. तुमी पोरीले सांगतलं का मिठात टाकलं का बैल तसाच राह्यते?"

"मी इजिप्तचं सांगितलं हो."

"तिथचं तसं असन. पन आमी मीठ टाकतो ते लवकर गळून जावं म्हून. वास येत नाई, कुत्रे उकरत नाई, मातीनं लवकर आपलंसं करावं म्हून." त्यांनी घराकडे वळून पाहिलं. "बैल गेला तईपासून पोरगी जेवत नव्हती. आज जेवली. म्हून म्या तिच्यासमोर काही बोललो नाई. पन तुमीच सांगा तिले. माहं आयकनार नाई ते आता. तुमी मॅडम हाय."

वाळवंटातली कोरडी हवा, आतडी काढून घेतलेला देह, आणि इकडे भादव्यातली ओली काळी माती. हा फरक मला ठाऊक नव्हता असं थोडंच आहे? तो शिकवायचा राहून गेला होता, एवढंच. मी लगेच मागं फिरायला हवं होतं. घर हाकेच्या अंतरावर होतं. पण दोन भाकरी खाल्लेली ती मुलगी डोळ्यांपुढं आली आणि मी म्हणाले, "परत येते तेव्हा बरणी उघडताना नीट समजावून सांगते. चारचौघांत, हसतखेळत."

"जसं तुमाले वाटते," बळीरामभाऊ म्हणाले.

ती दया होती की भित्रेपणा, याचा मी नंतर पुष्कळ विचार केला. दोन्ही असावं, आणि भित्रेपणा जास्त.

बोरी अरब

पुसदहून दिग्रस, दारव्हा करत बोरीला गेलो. रस्त्याकडेला दोन्ही बाजूंना कपाशी आणि तूर, मध्येच सोयाबीनचे पिवळे पडत चाललेले पट्टे. दारव्ह्याला मूगवडे खाल्ले. सोबत तळलेल्या मिरच्या मिळतात, त्या इथली माणसं काकडीसारख्या खातात. मी एक खाल्ली आणि बोरी येईपर्यंत तोंड उघडं ठेवून बसले. सलीमभाई खिडकीची काच खाली करून म्हणाले, "हवा घ्या मॅडम, हवा. पह्यल्या पह्यल्यांदा होते असं."

बोरीच्या शाळेत गाठीच्या दोरीनं मजा आणली. दोरीला सारख्या अंतरावर बारा भाग पाडायचे, तीन, चार आणि पाच अशा बाजू ताणून त्रिकोण करायचा, की बरोबर काटकोन मिळतो. इजिप्तचे लोक असे कोपरे साधत असं म्हणतात. पोरांना ते पटलं, आणि पटल्यावर ती शाळाभर दोरी घेऊन सुटली. थोड्या वेळात बातमी आली की जुन्या खोलीचे सगळे कोपरे बरोबर आहेत आणि नव्या खोलीचा एकही नाही. मुख्याध्यापक घाम पुसत माझ्याकडे आले.

"मॅडम, तुमचा इजिप्त लय चांगला हाय, पन ते दोरी आता ट्रंकेत ठेवा. नवी खोली ज्यानं बांधली तो आत्ता चहा प्याले येऊन राह्यला."

मी पोट धरून हसले. पण हसता हसता मनात आलं की दोरी खोटं बोलत नाही, बाई बोलतात. त्यानंतर चहा गोड लागला नाही.

नेर

नेरच्या शाळेत सावलीची काठी. उघड्या मैदानात काठी रोवायची, तासातासाला सावलीच्या टोकाशी खडा ठेवायचा आणि इजिप्तच्या लोकांनी दिवस कसा मोजला ते समजून घ्यायचं. इकडे आभाळ असं भरून आलेलं की दिवस आहे एवढंच कळत होतं. सगळा वर्ग खडे हातात घेऊन सूर्याची वाट बघत बसला. शेवटी एक मुलगी वैतागून म्हणाली, "मॅडम, ढग आले तं ते लोक काय करत होते? घरीच बसत होते का?" पाण्याचं घड्याळ असायचं, भोक पाडलेल्या भांड्यातून पाणी ठिबकायचं, असं सांगितलं. लगेच कुणीतरी डब्याच्या तळाला खिळ्यानं भोक पाडलं. तो डबा दुसऱ्याच्या जेवणाचा निघाला आणि बाकीचा तास त्यांचं भांडण सोडवण्यात गेला.

मुलं गोड होती. मंजिरीच्या मैत्रिणीनं पाटवडीचा रस्सा केला होता, तो तर सांगलीत जाऊन करून पाहिला आणि बिघडवला. पण खरं सांगायचं तर नेरचं मला याहून फारसं आठवत नाही. मी मनातल्या मनात रोशनीसमोर उभी राहून वाक्यं जुळवत होते. "हे बघ बाळा, देश वेगळा, हवा वेगळी." पुसायचं, पुन्हा जुळवायचं. तीस वर्षं शिकवलेल्या बाईला एक धडा बांधता येत नव्हता.

सोमवारी सकाळीच निघालो. दिग्रसच्या अलीकडे एका नाल्याला पूर आला होता आणि पुलावरून लाल पाणी चाललं होतं. दोन्ही बाजूंना एसटी, ट्रक, दुचाक्या उभ्या. टपरीवाल्यानं भजी काढायला सुरुवात केली आणि जत्रा भरली. सलीमभाई पाण्यात काडी रोवून आले.

"टेन्शन नका घेऊ मॅडम. पानी उतरलं का निंगू."

पाणी उतरायला दुपार टळली. पुढचा रस्ता भरवशाचा नव्हता म्हणून दिग्रसला सलीमभाईंच्या बहिणीकडे थांबलो. त्या माउलीनं ओळख ना पाळख, मला कोरडी साडी नेसायला दिली आणि गरम खिचडी वाढली. मी मंजिरीला फोन केला, उद्या येते म्हणाले. ती प्रशिक्षणासाठी पुसदला गेली होती. बरणीचं नाव मी काढलं नाही. माझ्यावाचून ती कोण उघडणार, असं मी धरूनच चालले होते. चिठ्ठीवर वार मी लिहिला होता आणि बाईंनी लिहिलेलं पोरं शिरसावंद्य मानतात, हे विसरले.

पुन्हा तांडा

मंगळवारी शाळेच्या फाटकाशी पोरं धावत आली. "मॅडम, टमाटर सडलं नाई! सुकलं, पन सडलं नाई!" दुसऱ्या शिक्षकांनी आदल्या दिवशी वेळेवर बरणी उघडली होती. टोमॅटो सुकून चामड्यासारखा झाला होता, लालसर, सुरकुतलेला, पण अगदी शाबूत. इतकी वर्षं हा प्रयोग करते. निम्म्या वेळा मीठ कमी पडून वाट लागते. या खेपेला झकास जमला होता.

वर्गात खिडकीपाशी रोशनी नव्हती. मंजिरीनं मला बाजूला घेतलं. ती रडलेली दिसत होती.

"मावशी, काल बरणी उघडली आणि शाळा सुटल्यावर रोशनी फावडं घेऊन शेतात गेली. एकटी. जेसीबी चिखलात शिरला नव्हता म्हणून तो खड्डा हातानंच खणलेला होता, फार खोल नव्हता." मग म्हणाली, "बळीरामभाऊ पोचले तोवर तिनं कपाळापर्यंत उकरलं होतं. तिला चंद्र बघायचा होता."

मी तशीच बळीरामभाऊंच्या घरी गेले.

रोशनी गोठ्यात होती. चांद्याचा जोडीदार सोन्या, केशरी शिंगांचा, वैरण खात होता आणि ती त्याच्या मानेला टेकून बसली होती. नखं मातीनं काळी होती. मला बघून उठली. रागावली असती तर बरं झालं असतं.

"मॅडम, ते लोक मधामधात उघडून पाहत होते का?"

"कोण?"

"इजिप्तचे."

"नाही ग. एकदा बंद केलं की दगड लावायचे. पुन्हा उघडायचं नाही."

तिनं मान हलवली. "मंग माहीच चुकी झाली. तुमी चाळीस दिवस सांगतले होते. म्या दम नाई धरला. म्या उघडला म्हून खराब झाला तो."

इतके दिवस जुळवलेली सगळी वाक्यं माझ्या तोंडात होती आणि त्यातलं एकही या प्रश्नाला लागू नव्हतं. मी खाली वैरणीतच बसले. गुडघे ओरडले, ओरडू दिले. तिचे हात धरून सांगितलं की तू उघडलं नसतंस तरी तो राहिला नसता. इथलं मीठ ठेवण्यासाठी नसतं, लवकर मातीत मिसळण्यासाठी असतं. तुझी चूक नाही, माझी आहे. मला त्याच दिवशी संध्याकाळी कळलं होतं.

ती लक्ष देऊन ऐकत होती, वर्गात ऐकावं तसं. मग तिनं विचारलं, "त्या दिवशी संध्याकाळी?"

"हो."

"मंग त्या दिवशी काहून नाई सांगतलं?"

तू जेवत होतीस म्हणून, हे उत्तर माझ्याकडे होतं. ते मी दिलं नाही, कारण ते दोष तिच्याच पदरात टाकण्यासारखं होतं. तिनं हात सोडवून घेतले आणि ती सोन्याला पाणी दाखवायला गेली.

बळीरामभाऊ मला बांधापर्यंत घेऊन गेले. माती पुन्हा नीट थापली होती. पाटी होती, पण रात्रीच्या पावसानं तिच्यावरची चित्रं धुऊन गेली होती.

"अजून एक पोतं टाकलं," ते म्हणाले. "मॅडम, आमच्या पुरख्याईनं बैलाच्या पाठीवर मीठ लादून देश पालथा घातला. जनमभर त्यानं वाह्यलं. शेवटी आमी त्याले तेच देतो. राखून ठेवाले नाई देत. जाऊ द्याले देतो."

मी त्यांची माफी मागितली. ते म्हणाले, "तुमी काही वाईट मनानं नाई केलं." हे वाक्य माणसाला किती लागतं ते त्या दिवशी मला कळलं.

निघताना रोशनी शाळेपाशी आली. मला वाटलं निरोप द्यायला आली. तिच्या हातात बरणी होती, मीठ झाडून टाकलेली, तळाशी फक्त टोमॅटो.

"हे तुमी घेऊन जा," ती म्हणाली. "इथं नोको."

सलीमभाईंनी ट्रंक मागं टाकली. बरणी मी मांडीवर घेतली. सगळा रस्ता खड्डा आला की ते गाडी अगदी हळू करत होते.

पुसदहून सुटलेल्या बसमध्ये मला टिपणाचा कागद सापडला. वेळ नाही म्हणून मी जे दोन मुद्दे गाळले होते, त्यांतला शेवटचा असा होता: इजिप्तचे लोक मानत की ज्याचं नाव कुणीतरी घेत राहतं, तो असतो. देह टिकला नाही तरी चालतं, नाव पुरतं. ती पोरगी पाटीवर त्याचं नाव लिहून आली होती. मी नुसतं तेवढं वाचून दाखवलं असतं तरी पुरलं असतं. टोमॅटो चिरण्याऐवजी.

मंजिरीला फोन करून हे रोशनीला सांगायला लावलं. तिनं सांगितलं. रोशनीनं ऐकून घेतलं आणि विचारलं, "हे पन पिरॅमिडवाल्या मॅडमनंच सांगतलं का?" मंजिरी हो म्हणाली.

सांगलीत येऊन आता बरेच दिवस झाले. वहिनी विचारतात, काय काय बघितलंत? मी त्यांना तर्री-पोहे, निळी शिंगं, पुलावरचं लाल पाणी असं सगळं सांगते. बरणी स्वयंपाकघराच्या खिडकीत आहे. मीठ रोशनीनंच काढून टाकलं होतं. झाकणही मी मुद्दाम सैल ठेवते, हवा लागावी, ओल शिरावी म्हणून. रोज सकाळी उघडून बघते. टोमॅटो अजून तसाच आहे.